घरातल्या ज्येष्ठांच्या पोटात पुरेसं पाणी कसं जाईल? खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांच्या पाणी पिण्यावरून रोज कुरबुर चालते. सून तांब्या घेऊन मागे लागते, आबा "माले तहानच नही" म्हणून तोंड फिरवतात. खालचे प्रश्न याच कुरबुरीतले आहेत. घरातल्या ज्येष्ठांना हृदयाचा, किडनीचा किंवा लिव्हरचा जुना आजार असेल तर त्याबद्दलचा प्रश्न आधी वाचा, कारण बाकीची उत्तरं त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

म्हातारपणी तहान खरंच कमी लागते, की नुसता हट्ट असतो?

खरंच कमी लागते. मेंदूकडून येणारी तहानेची सूचना वयाबरोबर बोथट होते. शरीरात पाणी कमी पडलं तरी ती उशिरा येते आणि दोन घोट पोटात गेले की लगेच थांबते. त्यातच, लघवी घट्ट करून पाणी वाचवायची किडनीची ताकद उतरलेली असते. शिवाय मुळात साठाच कमी. शरीरातलं पुष्कळसं पाणी स्नायूंमध्ये असतं आणि वयाबरोबर स्नायू झडतात. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, वृद्धांत ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. जुलाबाच्या दोन दिवसांत नातू जेवढं सहन करतो तेवढं आजोबांना झेपत नाही, ते यामुळेच.

"तहान लागली की पितील" यावर सत्तरीनंतर भरवसा ठेवता येत नाही. आणि "पाणी हवं का?" असं विचारूही नका. उत्तर "नको" हेच येणार. पेला हातात द्या आणि तिथेच दोन मिनिटं गप्पा मारत बसा.

दिवसाला किती पाणी जायला हवं?

युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धांसाठी दिलेला आकडा डॉक्टर मंडळी बहुधा धरतात: बायकांना दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांना किमान २ लिटर पेयं. हा आकडा साध्या हवामानाचा आणि साध्या तब्येतीचा आहे. एप्रिल-मे मध्ये भुसावळला पारा ४५ च्या घरात गेलेला असताना तो अपुरा पडतो, आणि किडनी फेल असलेल्या माणसाला जास्त ठरतो.

लिटर म्हणजे किती हे घरच्या भांड्यांत एकदा मोजून घ्या. स्टीलचे पेले दिसायला सारखे असतात, पण कुठल्यात २०० मिलिलिटर मावतं तर कुठल्यात ३००. फुलपात्र तर त्याहून लहान. एक लिटरची बाटली घेऊन आजीचा नेहमीचा पेला किती वेळा भरतो ते पाहा. मग "आठ पेले प्यायले" या हिशेबाला काही अर्थ राहतो.

त्यात चहा, ताक, वरण धरायचं का?

धरायचं. चहाने लघवी वाढते म्हणून तो हिशेबात नको, असं अनेक जण मानतात. नेहमी चहा पिणाऱ्या माणसात तो परिणाम किरकोळ असतो, पेलाभर चहातलं बहुतेक पाणी शरीरालाच मिळतं. दिवसभर फक्त चहावर राहणं चांगलं नाही, ते साखरेमुळे आणि भूक मरते म्हणून. दूध, ताक, कढी, लिंबूपाणी, नागलीची आंबील, पातळ खिचडी सगळं मोजा.

जेवणातूनही बरंच पाणी जातं. टरबुजात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, काकडीत त्याहूनही थोडं जास्त, डांगरात म्हणजे खरबुजात ९० च्या आसपास. दात नसलेल्या माणसाला टरबुजाच्या बिया काढलेल्या फोडी हे उन्हाळ्यातलं सर्वांत सोपं पाणी आहे. कळण्याच्या भाकरीबरोबर कोरडी चटणी आणि ठेचा असेल त्या दिवशी वाटीभर पातळ घोटलेली डाळ किंवा फुनक्यांची कढी सोबत द्या. शेवभाजीचा रस्सा मात्र पाणी म्हणून मोजू नका. त्यातलं मीठ-तिखट पाहता तो पाणी देण्यापेक्षा मागणाराच पदार्थ आहे.

"पाणी पिलं की सारखं उठावं लागतं" असं म्हणून आई पाणीच टाळते. काय करावं?

या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर. म्हातारी माणसं पाणी टाळतात त्यामागे बहुतेक वेळा पाण्याचा कंटाळा नसतो. अडचण संडास-मोरीपर्यंत जाण्याची असते.

जुन्या घराची रचना डोळ्यांसमोर आणा. मागच्या खोलीत खाट, मग ओटा, मग अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. वाटेत उंबरठा, एक-दोन पायऱ्या, मोरीजवळ शेवाळलेली फरशी. गुडघे धरलेले. रात्री दिवा नाही, किंवा असलाच तर बटण भलतीकडे. अशा घरात पाणी कमी पिणं हा त्या माणसाने पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय असतो. त्यात आपल्याकडच्या कितीतरी बायांची उमर पहाटेच्या अंधारात बाहेर जाण्यात गेली. दिवसा लघवी दाबून धरायची, म्हणून दिवसा पाणी प्यायचंच नाही, ही सवय घरात संडास बांधला म्हणून लगेच जात नाही. वर लुगडं सावरत उकिडवं बसणं, आणि बसल्यावर उठता न येणं. हे कुणाला सांगायलाही लाज वाटते.

तेव्हा सुरुवात तांब्यापासून नको, वाटेपासून करा. खाटेजवळ खुर्ची-कमोड ठेवा, पुरुषांसाठी लघवीचं भांडं. भिंतीला धरायला दांडा बसवा. वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा. गावातल्या लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून दांडा करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. आमचं स्पष्ट मत आहे की ज्या घरात हा खर्च झाला, तिथे पाण्यासाठी मागे लागण्याची गरज निम्म्याने कमी होते.

पाण्याची वेळही बदला. दिवसाच्या वाट्यातलं बहुतेक पाणी सकाळी उठल्यापासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत संपवा. झोपण्याआधीचे दोन तास फक्त गोळीपुरते घोट. पायांवर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून आडवं होऊ द्या. दिवसभर पायात साचलेलं पाणी रात्री आडवं झालं की किडनीकडे वळतं आणि त्यामुळे रात्री उठावं लागतं. ते दुपारीच निघून गेलं तर रात्र जरा बरी जाते. लघवीची गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. कमी पाणी पिऊन लघवीचा त्रास कमी होत नाही, बऱ्याचदा वाढतो. घट्ट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला चुरचुरते, थेंबभर साठली तरी घाई होते, आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. घाई, गळती, प्रोस्टेट यांवर औषधं आणि व्यायाम आहेत. "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका.

अंगात पाणी कमी झालंय हे कसं ओळखायचं?

हातावरची कातडी चिमटीत धरून पाहायची पद्धत लहान मुलांसाठी ठीक आहे. वृद्धांची कातडी तशीही सैल असते, ती सावकाशच परत जाते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. कोरडं तोंड तोंडाने श्वास घेणाऱ्याचंही असतं. लघवीचा रंगही वृद्धांत खात्रीचा नाही, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने तर तो पिवळाधमक होतोच.

त्याऐवजी बदल पाहा. कालपेक्षा आज लघवीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या का? खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? एकाएकी जास्त झोपाळू, चिडचिडे झाले का? दोन-चार दिवसांत वजन किलो-दोन किलोने उतरलं का? पोट साफ होत नाही का? चालताना झोक जातो, पडायला होतं का? शंका असेल तर रक्ताची तपासणी हाच खरा निकाल, त्यात सोडियम, क्रिएटिनिन आणि युरिया पाहतात. ही तपासणी तालुक्याच्या गावीसुद्धा होते.

काल ठीक होते, आज बरळतायत. हे पाण्यामुळे असू शकतं?

असू शकतं. एका दिवसात माणूस ओळखेनासा झाला, वेळकाळ विसरला, भलतंच बोलू लागला, तर त्याला म्हातारचळ समजू नका. विसरभोळेपणाचा आजार महिन्या-वर्षांत वाढतो, एका रात्रीत येत नाही. पाणी कमी होणं, लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम खाली जाणं, साखर उतरणं, पक्षाघात, यांपैकी काहीही असेल. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बाहेरचं काही लागलं म्हणून उतारा-लिंबू करण्यात ज्या घरांत दिवस जातो, तिथे नुकसान होतं ते त्या दिवसाचंच.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेगळं काय करायचं?

इथली गरमी कोरडी. घाम येतो आणि येताक्षणी वाळून जातो, त्यामुळे "मला घाम येतच नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचंही पाणी जातच असतं. केळीच्या बागेत राखणीला बसलेले, बकऱ्या चारणारे, कापसाच्या वावरात पऱ्हाटी उपटायला जाणारे साठी-सत्तरीतले लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना "घरी बसा" सांगून ते बसत नाहीत. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर, एवढ्यावर तडजोड करा. वावरात जाताना भरलेली बाटली आणि येताना रिकामी बाटली, हा हिशेब घरच्यांनी ठेवावा.

कूलर कोरड्या हवेत चांगलं काम करतो, पण खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो नुसती दमट हवा फिरवतो. हवा ४० अंशांच्या वर गेली असेल तर नुसत्या पंख्याखाली बसून भागत नाही, तो गरम वाराच अंगावर घालतो. ओला पंचा मानेवर, ओलं धोतर किंवा पातळ चादर अंगावर, आणि मग पंखा. लाइट गेली की पत्र्याच्या घरातून म्हाताऱ्या माणसाला आधी बाहेर काढा. निंबाच्या सावलीत, धाब्याच्या घरात, शेजारच्या गारव्याला, कुठेही.

या दिवसांत रोजच्या वाट्यावर अर्धा ते एक लिटर वाढवावं लागतं. ते एकदम नाही, दर तासाला अर्धा पेला.

ऊन लागलं तर काय करायचं? खिशातला कांदा उपयोगी पडतो का?

खिशात कांदा ठेवल्याने तोटा काही नाही, पण त्याने ऊन लागायचं थांबत नाही. जेवणात खा, तो तिथे जास्त कामाचा.

थकवा, डोकं जड, मळमळ, पायात गोळे, घाम, पण माणूस शुद्धीवर आणि नीट बोलतोय: सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंग पुसा, घोट घोट ओआरएस (पाकिटातून मिळणारं मीठ-साखरेचं पाणी) किंवा मिठाचं ताक द्या. तासाभरात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

अंग भट्टीसारखं तापलेलं आणि सोबत बरळणं, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. अंगावर पाणी ओता, मान, काखा, जांघा यांना बर्फ किंवा ओले फडके लावा, वारा घाला. अशा वेळी तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळीही देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

ओआरएस रोज दिलं तर चांगलं ना?

नाही. ओआरएस हे औषध आहे. जुलाब, उलट्या, खूप घाम, यांपुरतं. एक लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. रक्तदाबाच्या माणसाला हे मीठ रोज कशाला? पण जुलाब लागले असताना "बीपी आहे" म्हणून ओआरएस नाकारणं ही उलटी चूक. त्या वेळी मीठ शरीरातून वाहून जात असतं.

पूर्ण पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, बहुधा एक लिटर. पेल्यात चिमूटभर टाकून ओआरएस होत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा सपाटच हवा, शिगोशिग नको. कालवलेलं चोवीस तासांनी फेकून द्या.

मेडिकलवर टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून हातात दिली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात "ओआरएस" हा शब्द वापरायला बंदी घातली. तरी पाकिटावरचं सूत्र वाचून घ्या.

एवढ्या साध्या मीठ-साखरेच्या पाण्याची किंमत कळायची असेल तर १९७१ आठवा. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं आणि मृत्यू एकदम खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

अशक्तपणा आला की सलाईन लावून घेतलं तर?

गावोगाव चालतं हे. "ताकदीची बाटली" म्हणून. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका केळ्याएवढी ऊर्जा. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळ्याएवढ्या ताकदीसाठी शिरेत सुई टोचून घ्यायची, हे गणित आम्हाला जमत नाही. उलट्या थांबत नसतील, माणूस पिऊच शकत नसेल, तेव्हा सलाईन जीव वाचवतं. तोंडाने पिता येत असेल तर तोंडानेच. हृदय कमजोर असलेल्या वृद्धाला घाईघाईत चढवलेली बाटली दम लावू शकते.

पन्हं, मठ्ठा, उसाचा रस, नारळपाणी: कोणतं चांगलं?

ताक किंवा मठ्ठा सर्वांत पुढे. जिरं घातलेलं, मीठ बेताचं. कैरीचं पन्हं चांगलंच, फक्त गूळ मोजून. उसाचा रस गाड्यावरचा असेल तर त्यातल्या बर्फाचा भरवसा नाही, आणि मधुमेहींना तो नकोच. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या (टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन) चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. केळ्यालाही हेच लागू. बाटलीबंद कोल्ड्रिंकवर शब्द खर्च करत नाही. दारू मग ती मोहाची असो की दुकानातली, लघवी वाढवते आणि तहान विझल्याचा भास करते, तेव्हा "थोडी घेतली की गार वाटतं" यात तथ्य नाही.

डायबिटीस आहे, मग?

साखर वाढलेली असेल तर लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जातं, त्यामुळे यांना पाण्याची गरज इतरांपेक्षा जास्त. साधं पाणी, ताक, साखर न घातलेलं लिंबूपाणी. जुलाबात ओआरएस द्यावं लागलं तर द्या, त्यातलं ग्लुकोज पाणी आतड्यातून शोषण्यासाठीच असतं. फक्त साखर तपासत राहा.

हार्ट फेल्युअर आहे, किडनीचा आजार आहे. डॉक्टर कमी पाणी प्या म्हणतात, घरचे जास्त पाजतात.

डॉक्टरांचं ऐका. हृदय फेल, डायलिसिस, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी, या आजारांत पाण्याची मर्यादा माणसागणिक ठरते. कुणाला दीड लिटर, कुणाला एक. "कमी प्या" एवढ्यावर दवाखान्यातून बाहेर पडू नका, आकडा लिहून घ्या. "उन्हाळ्यात बदलायचं का?" हेही विचारून घ्या. मर्यादेएवढं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवा आणि चहा घेतला की तेवढं त्यातून ओतून टाका. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर फोन करा.

औषधांचा पाण्याशी काय संबंध?

बराच. लघवीची गोळी पाणी बाहेर काढते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखरेबरोबर पाणीही काढतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कोरड्या पडलेल्या किडनीला मार देतात. जुलाब-उलट्या लागलेल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा: "आज कोणत्या गोळ्या थांबवू?" मनाने थांबवू नका, मनाने चालूही ठेवू नका. इसबगोल घेत असतील तर त्यावर पूर्ण पेलाभर पाणी हवंच, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात अडकतं.

सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे पाणी पिणं चांगलं का?

मोबाइलवर फिरणारा सल्ला. एक पेला जरूर प्या. दोन तांबे एकदम पिऊन पुढच्या तासाभरात बरंचसं बाहेर जातं. शिवाय अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत. सोडियम १३५ ते १४५ मध्ये असायला हवं. ते खाली गेलं की मळमळ, गुंगी, झटके. आणि घरचे समजतात पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात.

पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागतो.

पातळ पाणी घशातून वेगाने उतरतं, म्हणून ठसका आधी पाण्याचा लागतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, लहान घोट. आडवं असताना कधीच नाही. ठसका वारंवार लागत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर दाटसर आंबील, पेज, दही पाण्यापेक्षा सोपं जातं.

विसरायचा आजार आहे. पेला समोर असूनही पीत नाहीत.

पेला दिसत नाही असंही होतं. पांढऱ्या ओट्यावर पारदर्शक काचेचा पेला हरवतो, लाल किंवा निळा ठेवा. शेजारी बसून तुम्ही प्या, ते बघून पितात. मोठ्या तांब्यापेक्षा वारंवार छोटं फुलपात्र. ज्या माणसाने आयुष्यभर वर धरून पाणी प्यायलं, त्याला स्ट्रॉ देऊन काही उपयोग नाही.

उपास, रोजा, गडावरची पायी यात्रा?

निर्जळी एकादशी सत्तरीत, गोळ्या चालू असताना नको. पाणी घेऊन उपास केला तर देव रागावत नाही, असं गावातल्या महाराजांच्या तोंडून वदवलं तर मुलांपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात. इस्लाममध्ये आजारी आणि अशक्त वृद्धांना रोज्यातून सूट आहेच. जैन घरांत सूर्यास्तानंतर पाणी बंद असेल तर दिवसाचा वाटा उजेडातच ठरवून पूर्ण करा, आणि वर्षीतपाचं, म्हणजे वर्षभराच्या उपासव्रताचं, पारणं उसाच्या रसाने करताना मधुमेहींनी घोटभरावर थांबा.

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्यांत म्हाताऱ्या बायाही असतात. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरकडे सुमारे महिनाभर चालते, ती सुरुवातीला ज्येष्ठ महिन्याच्या उन्हातून जाते. चालायचं ते पहाटे, दुपार मुक्कामाची. पिशवीत ओआरएसची पाकिटं, आणि रोजच्या गोळ्यांची यादी मागे राहणाऱ्याच्या नव्हे तर बरोबरच्या माणसाच्या खिशात.

प्रवासात आई दिवसभर पाण्याला शिवत नाही.

२०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, त्यामुळे आखाजी (अक्षय तृतीया) आणि लग्नसराईत म्हातारी माणसं पुष्कळ फिरू लागली. नेमकं त्याच उन्हात. स्टॅंडवरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने त्या सकाळपासून घोटही घेत नाहीत. प्रवास दोन टप्प्यांत करा, मधल्या गावी नातेवाइकाकडे तासभर थांबा. प्रौढांचं डायपर प्रवासापुरतं वापरायला लाजू नका. निघण्याच्या दोन तास आधी पेलाभर, मग वाटेत दर अर्ध्या तासाला दोन घोट.

आखाजीला पितरांसाठी घागर भरतो, तिच्यावर डांगर ठेवतो. त्या दिवशी आमरस आणि पुरणपोळीच्या नादात घरातल्या जित्या म्हाताऱ्यांच्या पेल्याकडेही एक नजर असू द्या.

माठ की फ्रिज? आणि नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, त्याचं काय?

माठाचं. फ्रिजच्या पाण्याने दात ठणकतात म्हणून ज्येष्ठ एक घोट घेऊन ठेवून देतात. साठवलेल्या पाण्याला पिण्याचा हंडा वेगळा, झाकण, आणि आत बुडवायला लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडवायचा नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर उकळूनच द्या. बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर वाळा किंवा दोन पुदिन्याची पानं टाका, चव बदलली की पोटात दोन पेले जास्त जातात.

हिवाळ्यात एवढी काळजी लागते का?

लागते. जानेवारीत थंडीने पाणी नकोसं वाटतं, लघवी मात्र वाढते. कोमट पाणी, वाफाळती डाळ, सुंठीचा काढा.

आम्ही सुरतला, पुण्याला. आई-वडील गावी एकटे. फोनवरून काय कळणार?

"पाणी पिलात का?" विचारलं तर "हो बेटा" एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: "आबा, सकाळपासून किती वेळा बाथरूमला गेलात?" "चहानंतर काय घेतलं?" "बाटली आता कुठवर आली?" बाटलीवर पेनाने तीन रेघा मारून या, एक सकाळी दहाची, एक दुपारी एकची, एक चारची. व्हिडिओ कॉलवर ती बाटली दाखवायला सांगा. बोलणं संथ झालंय, शब्द अडखळतायत, नेहमीची चेष्टा करत नाहीत, हे कानाला कळतं. तसं वाटलं तर शेजाऱ्याला लगेच घरी पाठवा. म्हणून शेजारच्या दोन घरांचे, आशाताईंचे आणि जवळच्या दवाखान्याचे नंबर तुमच्या मोबाइलमध्येही हवेत, नुसते गावातल्या भिंतीवर लिहून उपयोग नाही.